लॅपटॉपवरची गिटार माशीसारखी भुणभुणते? अ‍ॅम्पची बटणं राहू द्या, आधी हे तपासा

नवरात्र तोंडावर आलं की माझा फोन सुरू होतो. यवतमाळ जिल्ह्यात दुर्गोत्सव मोठा, त्याला लागूनच धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे कार्यक्रम, पुढं लग्नसराई. गावोगावच्या ऑर्केस्ट्रात आणि भीमगीतांच्या पार्ट्यांत गिटार वाजवणारी पोरं आता अ‍ॅम्प वागवत नाहीत. गिटार, एक छोटं साउंडकार्ड, जुना लॅपटॉप, तिथून वायर सरळ मिक्सरला. अ‍ॅम्पचं काम लॅपटॉपमधलं प्लग-इन नावाचं सॉफ्टवेअर करतं. टेम्पोत जागा वाचते, पैसा वाचतो. मग एक दिवस फोन येतो: "दादा, तोच प्लग-इन व्हिडिओत कसा भरदार वाजते, आन् आमचा काऊन टिनाच्या डब्यातल्या माशीवानी येते?"

मी साउंडवाला आहे, गिटारवादक म्हणून फार मोठा नाही. पण या एका दुखण्यापायी किती लॅपटॉप उघडले त्याची मोजदाद नाही. प्लग-इनमधला अ‍ॅम्प बदलून ते बरं झाल्याचं मात्र फार थोड्या वेळा पाहिलं. पोरं गेन, बेस, ट्रेबल फिरवत बसतात, आणि बिघाड त्याच्या एक तर अलीकडे असतो, नाही तर पलीकडे.

आधी लक्षण ओळखा

आवाज कसा वाईट आहे ते आधी नीट ऐका. "वाईट येतो" एवढ्यावर काही सापडत नाही.

भुणभुण, चिरचिर: डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, लावलं की सुरांवर पत्र्याची किनार बसल्यासारखी. क्लीन टोन बरा, फार तर जरा कोरडा.

गोधडीतून आल्यासारखा: सगळं दबलेलं, तार छेडल्याचा टिचकाच ऐकू येत नाही.

पोकळ, नळीतून आल्यासारखा: जणू दोन गिटारी थोड्या पुढं-मागं वाजतायत.

घूं किंवा चर्र: गिटार वाजवत नसतानाही सुरू. कधी चार्जर लावला की वाढतो.

उशीर: बोट आत्ता पडलं, आवाज जरा मागून.

आणि शेवटचं, सगळ्यात छळणारं: घरी झकास, मंडपात कचरा.

कधी दोन लक्षणं एकत्र येतात. तरी खालचा क्रम सोडू नका. पहिल्या काही तपासण्यांना एक रुपया लागत नाही, आणि माझ्याकडं येणाऱ्यांपैकी निम्मी पोरं तिथूनच परत जातात.

१. साउंडकार्डावरचं डायरेक्ट मॉनिटर बंद करा

दहा सेकंदांचं काम. बहुतेक साउंडकार्डांवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं, किंवा एका बाजूला इनपुट आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर लिहिलेला फिरता खटका. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशीर न होता ऐकू यावा म्हणून ती सोय आहे. गिटारला तीच नडते. गिटारच्या तारांखालच्या पिकअपमधून आलेला कोरडा आवाज थेट हेडफोनमध्ये जातो, आणि लॅपटॉपमधून अ‍ॅम्प-स्पीकर होऊन आलेला आवाज काही मिलिसेकंद मागून येऊन त्यात मिसळतो. दोन्ही मिसळले की काही सूर एकमेकांना खातात. तो पोकळपणा तिथून येतो. वर कोरड्या गिटारची टणटण असतेच.

खात्री करायची तर सॉफ्टवेअरमधला गिटारचा ट्रॅक म्यूट करा. तरी गिटार ऐकू येतेय? मग हेच.

२. वायर कुठल्या भोकात आहे, आणि आवाज किती आत जातोय

साध्या गिटारचं पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. तो सिग्नल नाजूक असतो. त्याला १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. माइकचं इनपुट काही हजार ओहमचं, लाइनचं साधारण १० हजारांचं. पिकअपवर एवढं ओझं पडलं की वरचे सूर तिथंच मरतात, आणि मग गोधडीतला आवाज येतो. म्हणून साउंडकार्डावर गिटारचं चित्र किंवा इन्स्ट असं लिहिलेलं बटण दाबलेलं पाहिजे. काही कार्डांत हे बटण सॉफ्टवेअरच्या आत लपवलेलं असतं. सापडेपर्यंत शोधा.

मग लेव्हल. सगळ्यात जोरात जे वाजवणार ते वाजवा. काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे उसळला पाहिजे, लाल दिवा एकदाही नको. लाल लागला म्हणजे अ‍ॅम्पपर्यंत पोचायच्या आधीच आवाजाचं टोक कापलं गेलं. ती कापाकापी ट्यूबवाल्या अ‍ॅम्पच्या गोड फाटण्यासारखी नसते, आणि पुढच्या कुठल्याही बटणानं ती दुरुस्त होत नाही. फार कमी ठेवलं तर उलटा त्रास: मॉडेलमधला अ‍ॅम्प जागाच होत नाही, म्हणून पोरगा गेन पूर्ण मारतो आणि त्यासोबत सगळा खरखराट वर येतो. काही प्लग-इनवाले इनपुटचा खटका किती ठेवायचा हे माहितीपुस्तिकेत आकड्यासह सांगतात. तसं असेल तर माझं सोडा, त्यांचं ऐका.

मोबाइलच्या हेडफोनच्या भोकात लागणारा स्वस्तातला गिटार अ‍ॅडॅप्टर वापरत असाल, आणि गेन वाढवला की शिट्टी येत असेल, तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. त्या एकाच पिनमध्ये आत जाणारा आणि बाहेर येणारा आवाज शेजारी-शेजारी असतात, बाहेरचा आत झिरपतो आणि गोल फिरत राहतो. यूएसबीचं कार्ड घेण्याशिवाय त्याला इलाज नाही.

३. स्पीकरची पेटी मोजा. साखळीत ती एकदाच पाहिजे

भुणभुणीचं मूळ दहातून सात वेळा मला इथं सापडतं, म्हणून इथं जरा थांबतो.

गिटारचा स्पीकर हा मुळात "वाईट" स्पीकर आहे. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या नावाजलेल्या १२ इंची स्पीकरचा पल्ला कंपनीच ७० ते ५००० हर्ट्झ सांगते. त्याच्यावर तो जवळजवळ गप्प. तरुण माणसाचा कान चांगला १५ हजारांच्या पुढं ऐकतो. डिस्टॉर्शन लावलेला अ‍ॅम्प त्या वरच्या पट्टीत भरपूर कचरा तयार करतो, आणि कागदाचा हा जाड शंकू तो गिळून टाकतो. साठ-सत्तर वर्षं जो इलेक्ट्रिक गिटारचा आवाज आपल्या कानात बसलाय, तो गाळणीतून आलेला आवाज आहे. गाळणी काढली आणि तोच सिग्नल मंडपातल्या टॉपच्या, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या, भोंग्याला दिला, तर भोंगा ते सगळं इमानदारीनं वाजवणार. हीच तुमची माशी.

लॅपटॉपमध्ये गाळणीचं काम कॅब, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, करतं. त्यात बहुतेक वेळा इम्पल्स रिस्पॉन्स नावाची छोटी वेव्ह फाइल असते, पोरं तिला आयआर म्हणतात. ती काय हे समजायला विहिरीवर जा. काठावर उभं राहून एक कोरडी टाळी मारा. आतून जे घुमत परत येतं तो त्या विहिरीचा ठसा. दुसऱ्या विहिरीचा वेगळा, पाणी खाली गेलं की त्याच विहिरीचा वेगळा. तसाच ठसा स्पीकर, पेटी आणि तिच्यासमोरचा माइक या तिघांचा मिळून घेतात, सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याएवढा, आणि तुमचा प्रत्येक सूर त्या ठशातून काढतात. त्या फाइलमध्ये अ‍ॅम्प नसतो. अ‍ॅम्पच्या मॉडेलमध्येही बऱ्याचदा पेटी नसते. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून आणून जोडायची म्हटल्यावर गोंधळ होणारच.

गोंधळ तीन तऱ्हेचा.

पेटी नाहीच. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे फुकट सॉफ्टवेअर आल्यापासून हे वाढलंय. त्यासाठी लोकांनी बनवलेल्या कॅप्चर फाइली, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पची टिपलेली नक्कल, दोन जातीच्या असतात: एकीत नुसता अ‍ॅम्प, दुसरीत पेटी-माइकसकट सगळं. पोरगा नुसत्या अ‍ॅम्पची फाइल उतरवतो, आयआरचा खाना रिकामा ठेवतो आणि म्हणतो सॉफ्टवेअर बकवास आहे. फाइल ज्या पानावरून घेतली तिथं हे लिहिलेलं असतं. वाचा.

पेटी दोनदा. पेटीसकटची फाइल, वर पुन्हा आयआर. किंवा लॅपटॉपमध्ये कॅब चालू आणि वायर जाते कुणाच्या तरी जुन्या गिटार अ‍ॅम्पला, ज्यात खरा स्पीकर आहेच. गाळणीखाली गाळणी लागली की गोधडी. खरा गिटार अ‍ॅम्प पुढं असेल तर कॅब बंद. मिक्सर, टॉप, हेडफोन असेल तर कॅब चालू.

पेटी होती, हरवली. मागच्या वर्षी घाटंजीकडच्या एका पोरानं मित्राचा प्रीसेट, म्हणजे सगळ्या बटणांची सेव्ह केलेली मांडणी, पेनड्राइव्हवर आणला. मित्राच्या लॅपटॉपवर सोन्यासारखा, याच्यावर भुणभुण. "सारे खटके फिरवले दादा, काईच फरक नाही पडून रायला." मी कॅबच्या खान्यावर क्लिक केलं, तर आत फाइलच नाही. प्रीसेटमध्ये बऱ्याचदा आयआरची फाइल भरलेली नसते, ती कुठल्या फोल्डरात आहे एवढा पत्ता असतो. तो पत्ता मित्राच्या लॅपटॉपचा. प्लग-इननं एक शब्द न बोलता पेटीशिवाय वाजवायला सुरुवात केली. मित्राला फोन लावला, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवली, खान्यात टाकली, काम फत्ते. (व्हॉइस क्लिप म्हणून पाठवू नका, ती दाबून बारीक होते.)

४. अ‍ॅम्पला हात न लावता माइक सरकवा

पेटी एकच आहे, लेव्हल बरोबर आहे, तरी किनार टोचते? मग माइककडं या. बऱ्याच प्लग-इनमध्ये पेटीचं चित्र असतं आणि माइक माउसनं ओढता येतो. पोरांना वाटतं ते शोभेचं आहे.

शंकूच्या बरोबर मधे जी गोल टोपी असते, तिच्या नाकासमोर माइक असला की आवाज सगळ्यात उजळ, टोकदार. तिथून कडेकडे सरकवत गेलं की वरचे सूर कमी होतात, मधला भाग भरतो, कडेला आवाज मऊ आणि मातकट. खऱ्या पेटीसमोर हा फरक दोन-तीन सेंटिमीटरमध्ये कळतो. मॉडेल चांगलं असेल तर लॅपटॉपवरही.

मी करतो ते असं. अ‍ॅम्पची सगळी बटणं घड्याळाच्या बारावर. गेन पोरानं ठेवलाय त्याच्या अर्धा. माइक शुअर एसएम५७ च्या धाटणीचा, टोपी जिथं संपते आणि शंकू सुरू होतो त्या सांध्यावर, जाळीपासून दोन-तीन बोटं. एकच रिफ, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा वाजवायला लावतो आणि डोळे मिटून माउस सरकवतो. आर्णीच्या एका पोरासोबत हे करताना तो मधेच थांबला आणि विचारलं, "आता तुम्ही ट्रेबल कमी केला ना?" ट्रेबलला हात लावला नव्हता. माइक टोपीच्या मध्यावरून सांध्यावर आला होता, एवढंच.

मग अंतर. एसएम५७ एका दिशेनं ऐकणारा माइक आहे. असे माइक पेटीच्या जवळ नेले की खालचे सूर फुगवतात. आवाज घुमतोय, बेस गिटारच्या अंगावर चढतोय, तर बेसचं बटण कमी करण्याआधी माइक १०-१५ सेंटिमीटर मागं घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर माइकची जात बदला. रिबन माइक, म्हणजे रॉयर आर-१२१ सारखा, वरच्या टोकाला मऊ असतो. एसएम५७ १९६५ पासून आहे आणि पेटीसमोर सगळ्यात जास्त तोच ठेवला गेलाय, म्हणून सुरुवात त्यानं. कंडेन्सर जातीचा माइक सगळं टिपतो, किनारसुद्धा. पहिल्याच दिवशी त्याच्या नादी लागू नका.

नुसत्या आयआर फाइली वापरत असाल तर माइक ओढता येत नाही, पण फाइलच्या नावातच कॅप (टोपी), एज (कड), माइकचा आकडा, इंच असं लिहिलेलं असतं. एका पेटीच्या पाच फाइली ऐकून बघा. पाच पेट्यांची एकेक ऐकण्यापेक्षा त्यातून कान लवकर तयार होतो.

एवढं झाल्यावर इक्वलायझर. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. गिटारची सगळ्यात जाड तार उघडी वाजली तरी ८२ हर्ट्झला सुरू होते, त्याच्या खाली गिटारचं काही नाही, बेस आणि ढोलाचं आहे. वरून ७-८ हजारांच्या पुढचं हळूहळू उतरवा. आधी कापायला बसलात तर पेटीचा बिघाड झाकला जाईल आणि पुढच्या प्रीसेटला पुन्हा निघेल.

५. दोन माइक लावलेत? एक बंद करून ऐका

दोन माइक पेटीपासून वेगळ्या अंतरावर असतील तर एकाच आवाजाची वेळ बदलते. १७ सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण अर्धा मिलिसेकंद, आणि तेवढ्यात १००० हर्ट्झच्या आसपासचे सूर एकमेकांना पुसून टाकतात. गिटारचा प्राण तिथंच आहे. एक माइक बंद केल्यावर आवाज भरला, तर हेच समजा. अंतर सारखं करा, किंवा शून्यावर तिरपी रेघ असलेलं फेजचं बटण दाबून जो भरीव वाटतो तो ठेवा. खरं सांगू, ऑर्केस्ट्रासाठी एक माइक पुष्कळ झाला.

६. उशीर आणि कडकड

विंडोजवर साउंडकार्डाच्या कंपनीचा, उशीर कमी करणारा असिओ ड्रायव्हर टाका. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, १२८ ठेवलं तर ४८ किलोहर्ट्झवर तो भाग पावणेतीन मिलिसेकंदांचा, ५१२ ठेवलं तर जवळपास ११. आणि हे जाताना एकदा, येताना एकदा. आवाजाला हवेतून एक मीटर जायला तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे ५१२ वर तुम्ही अ‍ॅम्पपासून सात-आठ मीटर लांब उभे आहात असं वाजवताना वाटणार. १२८ वर कडकड येत असेल तर २५६. वायफाय बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर.

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो. टिनाच्या छपराखाली लॅपटॉप स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो, आणि सकाळी नीट चालणारा प्रीसेट दुपारी तडतडतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या, पंखा त्याच्याकडं वळवा.

७. घूं आणि चर्र

इथं दोन वेगळे रोग आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही.

गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला घूं कमी, दुसरीकडं जास्त होत असेल तर पिकअप हवेतून ट्रान्सफॉर्मर, जुनी ट्यूबलाइट, मिक्सरचा पॉवर सप्लाय यांचं चुंबकत्व उचलतंय. आपली वीज ५० हर्ट्झची, घूं तिचीच. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या, पिकअपला हे होणारच. जागा बदला, लॅपटॉपपासून लांब बसा, किंवा पिकअपच्या खटक्याच्या मधल्या जागा वापरून बघा, काही गिटारींत तिथं घूं मरते.

आता चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर. चर्र गेलं? मग दोष विजेच्या बाजूचा. बहुतेक हलके चार्जर दोन पिनचे, त्यांना अर्थिंग नसतं, आणि त्यांचा थोडासा गळका करंट लॅपटॉपच्या अंगावरून गिटारच्या तारांपर्यंत येतो. लोडशेडिंगमध्ये चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर चालत असाल तर चर्र आणखी तिखट. कार्यक्रमापुरता इलाज: लॅपटॉप चार्ज करून न्या आणि बॅटरीवर वाजवा. कार्यक्रम लांब असेल तर लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक असला की त्यातूनही घूं येते. साउंडकार्ड आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स ही छोटी डबी लावली तर तीही तुटते.

तारांना हात लावला की घूं कमी होते, हे चालतं. गिटार तशीच बनवलेली असते. तारांना हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, किंवा ओठ माइकला लागला की चटका बसतो, हे चालत नाही. त्यावर खाली बोलतो.

८. घरी छान, मंडपात कचरा

हे मला उशिरा समजलं. एका गावात पोरानं घरी दोन छोट्या स्पीकरवर बसून टोन बनवला. मला ऐकवला, छान होता. मंडपात तोच टोन वस्तऱ्यासारखा. तीनदा सगळं तपासलं, पेटी एक, माइक सांध्यावर, लेव्हल बरोबर. शेवटी त्याच्या घरी गेलो. भाव वाढेल म्हणून यंदाचा कापूस घरातच ठेवला होता, समोरची खोली छतापर्यंत भरलेली, आणि पोरगा त्या ढिगाऱ्याला टेकून प्रीसेट बनवत होता. कापसानं वरचे सूर सगळे पिऊन टाकले. त्याला टोन मंद वाटला, त्यानं ट्रेबल आणि प्रेझेन्स चढवत नेला. एवढी मेलेली खोली मी पैसे घेणाऱ्या स्टुडिओतही पाहिली नाही.

दुसरं कारण कानाचं. हळू आवाजात आपल्याला खालचे आणि टोकाचे वरचे सूर कमी ऐकू येतात, जोरात ते भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. रात्री घरचे झोपल्यावर हेडफोनवर हळू बनवलेल्या टोनमध्ये म्हणूनच बेस आणि ट्रेबल दोन्ही जास्त पडतात, आणि मधला भाग, जो बँडमध्ये गिटारला जागा देतो, तो खाली राहतो. मंडपात साउंडचेकला पाच मिनिटं मागा, टॉपच्या समोर दहा-बारा पावलं जाऊन ऐका आणि तिथं फक्त दोन गोष्टींना हात लावा: कॅबवरचा वरचा कट आणि ५०० ते ८०० हर्ट्झचा मधला भाग. तोच प्रीसेट "मंडप" नावानं वेगळा सेव्ह करा.

९. आता खिशात हात

इथवर काही लागलं नाही तर पैसे खर्चायला हरकत नाही, पण याच क्रमानं. तारा बदला, घामानं काळ्या पडलेल्या तारांतून कुठलाच प्लग-इन चमक काढू शकत नाही. मग वायर बदलून बघा, आधी मित्राची मागून. लांब वायर स्वतःच वरचे सूर खाते, दहा मीटरची गरज नसेल तर तीनची घ्या. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर स्क्रूनं थोडं खाली करा. ॲक्टिव्ह गिटार असेल तर आतली ९ व्होल्टची बॅटरी बदला. नवीन प्लग-इन विकत घेणं सगळ्यात शेवटी.

इथं थांबा, माणूस बोलवा

जॅक हलवला की आवाज जातो-येतो, खटका फिरवला की करकर: सोल्डरिंग येत असेल तर करा. येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं न्या, जॅकचे दोन टाके त्याला जड नाहीत. पण पिकअपच्या वेढ्यांना हात लावू देऊ नका. आवाज पूर्ण गेला असेल, मान वाकली असेल, बाराव्या पडद्यावर सूर चुकत असेल, तर यवतमाळ किंवा नागपूरला गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच. साउंडकार्ड गरम होऊन वास आला तर यूएसबी काढा आणि पुन्हा लावू नका.

झिणझिण्या आल्या तर मात्र कुणाचंही ऐकू नका, गिटार खाली ठेवा, मेन बंद करा, वायरमन बोलवा. घूं मारायला तीन पिनच्या प्लगची मोठी पिन तोडायची युक्ती आमच्या धंद्यात जुनी आहे आणि जिवावरची आहे. ती पिन दोष आला तर करंट जमिनीत न्यायला आहे. ती तोडली की तो करंट तारांवर बोट आणि माइकवर ओठ ठेवलेल्या पोरातून जातो, २३० व्होल्ट. टेस्टर घेऊन मीटरच्या पेटीत मी स्वतःही शिरत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका समाज मंदिरात सराव होता. पोरं म्हणाली गिटार "चावते". बोर्डावर तीन पिनचे सॉकेट नवे कोरे, दिसायला सगळं ठीक. वायरमन आला, सॉकेट उघडलं, हिरवी तार जागेवर होती. मग तो भिंतीमागं गेला, जिथून ती तार बाहेर येऊन जमिनीत जाते, आणि हातानं माती उकरली. मिठा-कोळशाचा खड्डा, प्लेट, काहीच नव्हतं. तार तीन वीत खाली मातीत संपली होती. पावसाळ्यात ओल्या मातीत थोडंफार भागत असेल, मे महिन्यात ती काळी जमीन फाटून हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. त्यानं दोन दिवसांनी नीट खड्डा घेतला, मुख्य पेटीत करंट गळला की लाइन पाडणारं आरसीसीबी बसवलं. त्या दिवसापुरता लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, मिक्सर बंद ठेवला, आणि पोरांनी हेडफोन वाटून घेऊन सराव केला.

गिटार मी उघडलीच नाही.